राज्यातली कोर्टं संपवल्याशिवाय फेडरल हेबियस नाही, म्हणजे नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. धाकटा भाऊ न्यू जर्सीच्या तुरुंगात आहे. ज्युरीने दोषी ठरवलं, बारा वर्षांची शिक्षा झाली आणि अकरा दिवसांपूर्वी अपेलेट डिव्हिजनने, म्हणजे राज्याच्या अपील कोर्टाने, अपील फेटाळलं. त्याच्या बराकीतला एक जुना कैदी म्हणतो, ‘राज्यात आता काही उरलं नाही, सरळ फेडरल कोर्टात हेबियस टाक.’ अपिलाचे वकील म्हणतात, आधी राज्यातले सगळे उपाय ‘एक्झॉस्ट’ करावे, म्हणजे वापरून संपवावे लागतील. आणि पुण्यातले तुमचे ओळखीचे वकील म्हणतात, हेबियस कॉर्पससाठी, म्हणजे बेकायदा कैदेविरुद्धच्या अर्जासाठी, कुणी थांबत नसतं, थेट हायकोर्टात जाता येतं. ऐकायचं कुणाचं?

न्यू जर्सीत शिक्षेनंतरच्या फौजदारी अर्जांचं कामच मी करते, म्हणून सविस्तर लिहिते. तुमच्या भावाच्या खटल्याची कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत, तेव्हा हा त्याच्या प्रकरणावरचा सल्ला नाही. रस्ता कसा आहे आणि खड्डे कुठे आहेत, एवढंच.

आधी घाईचं. अपेलेट डिव्हिजनच्या निकालापासून वीस दिवसांच्या आत न्यू जर्सी सुप्रीम कोर्टात सर्टिफिकेशनच्या याचिकेची (त्या कोर्टाने प्रकरण ऐकायला घ्यावं अशा विनंतीची) नोटीस द्यावी लागते. तुमच्या हिशेबाने नऊ दिवस उरलेत. बाकीचं उत्तर उद्या वाचलंत तरी चालेल. वकिलांना आज ईमेल करा आणि नोटीस कोण देणार हे लेखी विचारा. ते देणार नसतील तर भाऊ स्वतः देऊ शकतो.

आता तिघांचं. पुण्यातल्या वकिलांचं त्यांच्या जागी बरोबर आहे. बेकायदा डांबून ठेवलेल्या माणसासाठी भारतीय राज्यघटनेच्या २२६ व्या कलमाखाली थेट हायकोर्टात जाता येतं. पण सक्षम न्यायालयाने शिक्षा ठोठावलेल्या माणसाला तिथेही सहसा त्या दाराने बाहेर पडता येत नाही, त्याने अपीलच करायचं असतं. अमेरिकेत हेबियसचा मुख्य वापर नेमका अशा शिक्षा झालेल्या कैद्यांसाठीच होतो. ‘राज्याने मला फेडरल राज्यघटना मोडून दोषी ठरवलंय’ असं फेडरल न्यायाधीशापुढे मांडण्याचा तो मार्ग. मात्र तो सगळ्यात शेवटचा. संघराज्य कायद्याचं कलम २२५४ सांगतं की राज्यात उपलब्ध असलेले उपाय संपवल्याशिवाय फेडरल कोर्टाने हा अर्ज मंजूर करायचा नाही. १८८६ साली रॉयल नावाच्या व्हर्जिनियातल्या वकिलाच्या प्रकरणात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हे धोरण म्हणून मांडलं, १९४८ साली ते कायद्यात आलं, आणि १९९६ च्या एईडीपीए कायद्याने त्याभोवती काटेरी कुंपण घातलं. कारण साधं आहे. राज्याच्या न्यायाधीशांनाही फेडरल राज्यघटना बांधील असते, तेव्हा चूक दुरुस्त करायची पहिली संधी त्यांना मिळाली पाहिजे.

म्हणजे तुमचे वकील बरोबर आहेत. पण ‘आधी एक्झॉस्ट करा’ एवढंच ऐकलं की घरचे लोक समजतात, तीन कोर्टांच्या पायऱ्या चढायच्या, तिन्हीकडून नकार घ्यायचा, मग फेडरल कोर्टात खरी लढाई. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक फाइली याच समजुतीने बिघडलेल्या असतात. खरी लढाई राज्यातच होते. तुम्ही राज्यात काय लिहिलंत, कोणता पुरावा जोडलात आणि कोणत्या तारखेला दाखल केलात, यावर फेडरल अर्जाचं जवळजवळ सगळं ठरून गेलेलं असतं.

‘काय लिहिलंत’ यापासून सुरू करते, कारण यात सगळ्यात जास्त माणसं अडकतात. कोर्ट फक्त फिरून येणं पुरत नाही. फेडरल मुद्दा फेडरल मुद्दा म्हणून राज्याच्या कोर्टापुढे ठेवलेला असावा लागतो. समजा, साक्षीला न आलेल्या एका खबऱ्याचं म्हणणं पोलिसाने ज्युरीला ऐकवलं. अपिलाच्या ब्रीफमध्ये, म्हणजे लेखी युक्तिवादात, मुद्द्याचं शीर्षक असं असतं: ‘न्यू जर्सी पुरावा नियम ८०१ आणि ८०२ चा भंग करून ऐकीव माहिती दाखल करून घेण्यात आली.’ मुद्दा चांगला आहे, राज्याच्या कायद्यात बसतोही. पण तो राज्याचाच मुद्दा राहिला. त्याच शीर्षकात ‘तसेच आरोपीचा सहाव्या आणि चौदाव्या घटनादुरुस्तीखालील उलटतपासणीचा हक्क डावलला गेला’ एवढं असतं आणि खाली २००४ च्या क्रॉफर्ड निकालाचा हवाला असता, तर तोच मुद्दा फेडरल कोर्टाच्या दारात उभा राहिला असता. एका ओळीचा फरक.

ही अतिशयोक्ती नव्हे. १९९५ च्या डंकन विरुद्ध हेन्री प्रकरणात आरोपीने राज्यात ‘हा पुरावा घेतल्याने न्यायाचा विपर्यास झाला’ असं म्हटलं होतं, फेडरल ‘ड्यू प्रोसेस’चं, म्हणजे न्याय्य प्रक्रियेच्या घटनात्मक हक्काचं, नाव घेतलं नव्हतं. सुप्रीम कोर्टाने सांगितलं, हा मुद्दा राज्यापुढे आलाच नाही. २००४ च्या बाल्डविन विरुद्ध रीस मध्ये ओरेगॉनच्या कैद्याचं म्हणणं होतं की खालच्या कोर्टाचा निकाल वाचला असता तर न्यायाधीशांना मुद्दा फेडरल आहे हे कळलं असतं. कोर्ट म्हणालं, न्यायाधीशाने याचिकेबाहेर जाऊन शोध घ्यावा अशी अपेक्षा धरायची नाही. त्याच निकालात हेही आहे की फेडरल कायद्याचा किंवा तो लावलेल्या खटल्याचा हवाला द्या, नाहीतर मुद्द्यावर नुसता ‘फेडरल’ असा शिक्का मारा, तेवढंही चालतं. इतकं स्वस्त काम वकील का विसरतात, हे मला अजून कळलेलं नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे अपेलेट डिव्हिजनमध्ये दाखल झालेलं मूळ ब्रीफ मागवा आणि त्यातली मुद्द्यांची शीर्षकं वाचा. पूर्ण वाचून समजलं नाही तरी हरकत नाही. प्रत्येक शीर्षकात घटनादुरुस्तीचा आकडा आहे का, एवढं बघा. ज्या मुद्द्यांत आहे ते सगळे सर्टिफिकेशनच्या याचिकेत आले पाहिजेत. वकील कधीकधी राज्याच्या सुप्रीम कोर्टाला रस वाटेल असे दोनच मुद्दे निवडतात आणि बाकीचे सोडतात. याचिका मंजूर व्हावी म्हणून ते शहाणपणाचं असेलही, पण हेबियसच्या दृष्टीने सोडलेला मुद्दा गेलेला मुद्दा. इलिनॉयच्या बोर्केल नावाच्या कैद्याने राज्याच्या सुप्रीम कोर्टाकडे नेलेल्या अर्जात तीन मुद्दे गाळले होते. ते कोर्ट अर्ज घ्यायलाही बांधील नव्हतं, तरी १९९९ साली त्या तीन मुद्द्यांची दारं त्याला बंद झाली.

ब्रीफमध्ये आकडा नसेल तर? आत्ताच्या याचिकेत तो जरूर घालावा, पण त्याने काम भागेलच असं नाही. घ्यायची की नाही हे कोर्टाच्या मर्जीवर असलेल्या याचिकेत मुद्दा पहिल्यांदाच मांडला तर तो नीट मांडला असं धरत नाहीत, हे १९८९ पासून ठरलेलं आहे. मग पुढे पीसीआरमध्ये, म्हणजे शिक्षेनंतरच्या दिलाशाच्या राज्यातल्या अर्जात, ‘अपिलाच्या वकिलाने हा मुद्दा मांडला नाही’ अशी वाट काढावी लागते. लांबची आहे, अरुंद आहे, पण आहे.

इथे एक सांगितलं पाहिजे की हे राज्यागणिक बदलतं. पेनसिल्व्हेनिया आणि ॲरिझोनात सर्वोच्च कोर्टापर्यंत जाण्याची ही अट बऱ्याच प्रकरणांत लागू होत नाही. कॅलिफोर्नियात तर ‘राज्यातले उपाय संपवण्यासाठीची याचिका’ असा वेगळा, आखूड नमुनाच नियमांत दिलेला आहे, कोर्टाने ती ऐकावी असा आग्रहही त्यात धरावा लागत नाही. ह्यूस्टनच्या किंवा सान होजेच्या मित्राचा अनुभव न्यू जर्सीला लावू नका.

आता तारखा. हा भाग कागद-पेन घेऊन वाचा.

फेडरल हेबियससाठी एक वर्ष मिळतं. ते सुरू होतं थेट अपिलाची साखळी संपल्यावर. न्यू जर्सी सुप्रीम कोर्टाने सर्टिफिकेशन नाकारलं की अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात जायला ९० दिवस असतात. तिथे गेला नाहीत तरी ते ९० दिवस तुमच्या बाजूने धरले जातात. पण राज्याच्या सुप्रीम कोर्टात गेलाच नाहीत तर ते मिळत नाहीत. वीस दिवसांच्या नोटिशीची घाई म्हणून दुहेरी आहे, मुद्देही वाचतात आणि दिवसही.

दुसरीकडे, पीसीआरचा अर्ज. तुम्ही लिहिलंय की ट्रायलच्या वकिलाने भावाच्या रूममेटला साक्षीला बोलावलंच नाही, आणि तो तर त्या रात्री भाऊ घरी होता हे सांगायला तयार होता. वकिलाच्या नाकर्तेपणाचा हा मुद्दा न्यू जर्सीत सहसा पीसीआरमध्येच मांडतात. आणि त्या अर्जाला राज्याच्या नियमाने पाच वर्षांची मुदत आहे, दोषसिद्धीच्या निकालापासून.

ही पाच वर्षं फार गोड वाटतात. पैसे जमवू, चांगला वकील बघू, घाई काय आहे. फेडरल वर्ष मात्र राज्याच्या पाच वर्षांची वाट बघत नाही. पीसीआर रीतसर दाखल होऊन प्रलंबित असेल तेवढाच काळ ते थांबतं, आणि थांबतं म्हणजे जिथे होतं तिथून पुढे चालू होतं, नव्याने नाही. उदाहरण घ्या. सर्टिफिकेशन १० जानेवारीला नाकारलं. ९० दिवस धरून १० एप्रिलला वर्ष सुरू झालं. पीसीआर पुढच्या १० फेब्रुवारीला दाखल केला. तोवर ३०६ दिवस गेले, उरले ५९. पीसीआर तीन-चार वर्षं चालला, अपील झालं, शेवटी राज्याच्या सुप्रीम कोर्टाने नाकारलं. त्या दिवसापासून तुमच्याकडे ५९ दिवस. पहिल्या वेळचे ९० दिवस या वेळी मिळत नाहीत, २००७ च्या लॉरेन्स विरुद्ध फ्लोरिडा निकालाने ते मिटलंय. आणि पीसीआर तिसऱ्या-चौथ्या वर्षी दाखल केला असता तर? राज्यात तो पूर्ण मुदतीत. फेडरल कोर्टात मात्र सगळं संपलेलं, कारण उलटून गेलेलं वर्ष कुठल्याही अर्जाने पुन्हा जिवंत होत नाही.

आणखी एक बारीक फट आहे. पीसीआर फेटाळल्यावर अपिलाला ४५ दिवस असतात. न्यू जर्सीची कोर्टं उशिरा आलेली अपिलं बऱ्याचदा उदारपणे घेतात, त्यामुळे वकीलही निर्धास्त असतात. पण ४५ दिवस उलटल्यापासून उशिराचं अपील येईपर्यंतचा काळ ‘प्रलंबित’ धरत नाहीत. राज्याने माफ केलेला उशीर फेडरल वर्षातून कापला जातो.

तुरुंगातून स्वतः दाखल करणाऱ्यांना एक सवलत आहे. १९८८ च्या ह्यूस्टन विरुद्ध लॅक पासून, कैद्याने कागद तुरुंगाच्या अधिकाऱ्याकडे टपालासाठी दिला तो दिवस फेडरल कोर्टात दाखल झाल्याचा दिवस मानतात. राज्याच्या कोर्टांनी हेच मानावं असं बंधन नाही, तेव्हा तिथे कागद पोचायची तारीखच धरून चाला. भावाला सांगा, लीगल मेल, म्हणजे कायदेशीर कामाचं टपाल, म्हणूनच द्यायचं, दिल्याची नोंद मागायची आणि अर्जाच्या शेवटी ‘अमुक तारखेला तुरुंगाच्या टपालात दिला’ असं सहीसह लिहायचं. फेडरल हेबियसची फी फक्त ५ डॉलर आहे. पैशांसाठी अर्ज अडला असं होऊ देऊ नका.

तर आतापर्यंतचं जुळवायचं तर: मुद्द्यावर घटनादुरुस्तीचा आकडा, प्रत्येक मुद्दा राज्याच्या सर्वोच्च कोर्टापर्यंत, आणि पीसीआर राज्याच्या नव्हे, फेडरल वर्षाच्या हिशेबाने, शक्यतो सर्टिफिकेशन नाकारल्यावर लगेच. न्यू जर्सीत पहिल्या पीसीआरसाठी सरकारी खर्चाने वकील मिळतो. बऱ्याच राज्यांत तोही मिळत नाही, कारण फेडरल राज्यघटना तो हक्क देत नाही. तेव्हा पैसे जमेपर्यंत थांबायचं कारणच नाही.

आता पुराव्याबद्दल, कारण रूममेटचा मुद्दा मला तुमच्या प्रश्नात सगळ्यात वजनदार वाटला. ‘बोलावलं असतं तर तो असं बोलला असता’ हे भावाने लिहून चालत नाही. रूममेटने स्वतः, स्वतःच्या माहितीवर, सहीनिशी लिहून द्यावं लागतं. नुसत्या आरोपांवर न्यू जर्सीची कोर्टं सुनावणी देत नाहीत. तो आता पुण्याला परतलाय असं तुम्ही म्हणता, म्हणजे हे काम तुम्हीच करू शकता. त्या रात्री तो कुठे होता, भाऊ किती वाजता आला, त्याला हे कशावरून आठवतं, वकिलाने त्याला कधी फोन केला होता का, केला असता तर तो आला असता का. या पाच गोष्टी त्याच्या शब्दांत हव्यात. मराठीत लिहिलं तरी चालेल, इंग्रजी भाषांतरासोबत भाषांतरकाराचं सही केलेलं निवेदन जोडा. मजकूर आधी इथल्या वकिलाला दाखवा, मग सही घ्या. साक्षीदाराला शब्द पढवू नका. पढवलेलं निवेदन उलटतपासणीत दोन मिनिटांत उघडं पडतं.

हे आत्ताच का? फेडरल न्यायाधीश सहसा राज्याच्या कोर्टापुढे जे होतं तेवढंच बघतो. २०११ चा पिनहोल्स्टर निकाल तेच म्हणतो. २०१२ साली मार्टिनेझ निकालाने थोडी जागा दिली होती, की पीसीआरच्या वकिलाने हलगर्जीपणा केला आणि ट्रायलच्या वकिलाविरुद्धचा मुद्दा राहून गेला तर फेडरल कोर्ट तो ऐकू शकेल. २०२२ च्या शिन विरुद्ध मार्टिनेझ रामिरेझने ती जागा जवळजवळ बुजवली: मुद्दा ऐकता येईल, पण राज्यात न दिलेला नवा पुरावा बहुतेक वेळा घेता येणार नाही. पुराव्याशिवाय मुद्दा ऐकून काय करायचं? माझ्या मते हा अलीकडच्या काळातला सर्वांत निष्ठुर निकाल आहे, पण कायदा तोच आहे आणि आपल्याला त्याच्याच हद्दीत काम करायचंय.

बराकीतल्या मित्राचं ऐकून आत्ताच फेडरल अर्ज टाकला तर काय होईल? राज्याचे वकील आक्षेप घेतील आणि अर्ज परत येईल. ते फारसं बिघडलं नाही असं वाटतं, कारण नंतरचा अर्ज ‘दुसरा अर्ज’ मानत नाहीत (तसा मानला असता तर तो टाकणं फार अवघड झालं असतं). पण फेडरल अर्ज पडून राहिल्याने एक वर्षाचं घड्याळ थांबत नाही, ते फक्त राज्यातल्या अर्जाने थांबतं. ही माहिती नसल्याने लोक वर्ष घालवून बसतात. काही मुद्दे संपवलेले आणि काही न संपवलेले असा मिश्र अर्ज असेल तर १९८२ च्या रोझ विरुद्ध लंडी पासून नियम असा की कोर्ट पुढे ऐकत नाही. तेव्हा एकतर न संपवलेले मुद्दे काढायचे, नाहीतर २००५ च्या ऱ्हाइन्स निकालाप्रमाणे अर्ज स्थगित ठेवून राज्यात जाऊ द्या अशी विनंती करायची. त्यासाठी मुद्दा आधी का नेला नाही याचं सबळ कारण, मुद्द्यात काही दम, आणि मुद्दाम वेळकाढूपणा नाही, हे तिन्ही दाखवावं लागतं. दिवस अगदी थोडे उरलेत आणि पीसीआर मुदतीत होता की नाही यावरच वाद आहे, अशा वेळी संरक्षण म्हणून फेडरल अर्ज टाकून स्थगिती मागणं शहाणपणाचं ठरतं. तुमच्या भावावर ती वेळ आलेली नाही.

आणि मुदत चुकून राज्याचं दार बंद झालं तर ‘आता राज्यात उपायच उरला नाही, म्हणजे एक्झॉशन झालं’ असं म्हणता येतं, पण त्याचा उपयोग शून्य. तिथे दुसरा नियम उभा राहतो: राज्यातली मुदत चुकवून घालवलेला मुद्दा फेडरल कोर्टही सहसा ऐकत नाही. व्हर्जिनियाच्या रॉजर कोलमनच्या वकिलांनी राज्यातल्या अपिलाची नोटीस तीन दिवस उशिरा दिली. १९९१ साली सुप्रीम कोर्टाने त्याचे मुद्दे ऐकले नाहीत, १९९२ साली त्याला मृत्युदंड दिला गेला. २००६ मधल्या डीएनए चाचणीने त्याच्याकडेच बोट दाखवलं हे खरं, पण तीन दिवसांच्या उशिराने त्याचे मुद्दे गेले ते या चाचणीच्या कितीतरी आधी.

‘राज्याची कोर्टं आमचं ऐकणारच नाहीत, मग जायचं कशाला?’ असं तुम्ही शेवटी विचारलंय. हे कारण चालत नाही. राज्यात उपायच नसेल किंवा तो निव्वळ नावापुरता असेल तरच सूट आहे. आपल्या भागातल्या, म्हणजे तिसऱ्या सर्किटच्या फेडरल अपील कोर्टाने राज्यात अर्ज आठ-नऊ वर्षं रखडल्यावर सूट दिलेली आहे. दोन-तीन वर्षांच्या रखडण्यावर ती सहसा मिळत नाही.

भाऊ भारतीय नागरिक आहे, म्हणून एक वेगळा मुद्दा. अटकेनंतर ‘तुमच्या दूतावासाला कळवू का’ असं त्याला विचारलं होतं का? व्हिएन्ना कराराचं कलम ३६, कुलभूषण जाधव प्रकरणात २०१९ साली हेगच्या न्यायालयात गाजलं तेच. इथे त्यावर फार आशा ठेवू नका. १९९८ साली पराग्वेच्या ब्रेअर्डने हा मुद्दा राज्यात मांडला नव्हता म्हणून अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तो ऐकला नाही आणि त्याच महिन्यात त्याला मृत्युदंड दिला गेला. पण कळवलं नसेल तर पीसीआरमध्ये तो लिहून ठेवा, आणि न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासाला आताही कळवा.

तुरुंगातल्या औषधपाण्याची तक्रार तुम्ही जोडली होती, ती या सगळ्यात मिसळू नका. त्यासाठी वेगळा दावा असतो आणि त्याचं ‘एक्झॉशन’ म्हणजे तुरुंगाच्या आतल्या तक्रार-पद्धतीच्या पायऱ्या. दोन्हींना एकच शब्द वापरतात म्हणून गोंधळ होतो.

शेवटचं, आणि हे आज रात्रीच्या फोनआधी. तुरुंगातले फोन रेकॉर्ड होतात, कुटुंबाचे ईमेलही वाचले जातात. त्या रात्री काय झालं, रूममेट काय म्हणतो, हे भावाशी त्यावर बोलू नका. तारखा सांगा, नोटीस गेली का विचारा, आणि बाकीचं वकिलाच्या लीगल मेलने जाऊ द्या.